परशराम आप्पा आणि तीन गल्ल्यांची शाळा

मी शिकवतो त्या गावात बारशाला आत्या येते, मामा येतो आणि परशराम आप्पा येतात. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. तिचं झालं की आप्पा पाळण्यावर वाकतात आणि बाळाला शाळेचा इतिहास सांगतात. सगळा नाही. "देवळातनं गुऱ्हाळात आली," इथपर्यंतच. बाळ झोपलेलं असतं. "कसं गप ऐकतंय बघा. शाणं हाय. सहा वर्सांनी धाडा," असं आईला बजावून आप्पा घुगऱ्या खिशात टाकतात आणि निघतात.

गाव येळ्ळूरच्या पलीकडं. शाळा सरकारी, मराठी. मी बेळगावातल्या खासबागेतून रोज मोटारसायकलवर येतो. आप्पा शेतकरी. कधीकाळी शाळा सुधारणा समितीवर होते. समित्या बदलल्या, पण कार्यालयातल्या त्यांच्या खुर्चीवरून त्यांना उठवायचं धाडस कुणाला झालं नाही.

त्यांचा इतिहास मला आता पाठ आहे. शाळा आधी मारुतीच्या देवळात भरायची. भजनी मंडळाशी खटका उडाला आणि पोरं गुऱ्हाळात आली. "पाट्या चिकटायच्या वो गुरुजी! एकाची उचलली की दुसऱ्याची बी यायची. पाढं कुणाला यीत न्हवतं, पर काकवीची पारख सगळ्यांस्नी."

मग मधल्या गल्लीनं श्रमदानातून पहिली खोली बांधली. ते वरच्या गल्लीला बघवलं नाही. त्यांनी तिला लागूनच दुसरी बांधली आणि हातभर उंच नेली. दोन छपरांचा मेळ कधी बसला नाही, म्हणून सांध्यातून आजही पाणी येतं. खालच्या गल्लीजवळ खोलीपुरता पैसा नव्हता. त्यांनी दोन्ही खोल्यांपुढं पडवी घातली, म्हणजे कुठल्याही खोलीत शिरायचं तर खालच्या गल्लीच्या छपराखालूनच जायचं. आमची शाळा वाढली ती अशी.

मी पहिल्यांदा गळतीखाली बादली ठेवली तेव्हा आप्पा म्हणाले, "ह्यो पाऊस न्हवं गुरुजी. ह्यो वरच्या गल्लीचा मान हाय."

एकदा तालुक्याहून साहेब आले. आप्पांनी त्यांना सगळं कानडीतून सांगितलं. इतिहास तोच, आवाज तेवढा मोठा. साहेब वैतागून म्हणाले, उंच छप्पर उतरवून सारखं करा. आप्पांनी हात जोडले. "सायेब, दोन्ही गल्ल्या अजून जित्त्या हाईत."

यंदा मात्र मे संपत आला तरी पहिलीत एकही नाव नव्हतं. असंच राहिलं तर शाळा शेजारच्या गावाला जोडू, असं वरून तोंडी सांगणं आलं. आप्पांनी हे ऐकलं आणि त्या दिवशी इतिहास सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्या मोटारसायकलपाशी उभे. "चला, दारं वाजवूया."

बहुतेक दारांत चहा मिळाला, मूल मिळालं नाही. शेवटी वरच्या गल्लीत सुनीताच्या दारात आलो. तिच्या मुलाचं वय बसत होतं. आप्पा इतिहासातलं गुऱ्हाळ संपवून खोल्यांकडं वळले, तेवढ्यात तिनं त्यांना थांबवलं.

"आप्पा, तुमचं ऱ्हाऊ द्या. गुरुजी, तुमची पोरगी कुठल्या शाळंत हाय?"

माझी मुलगी बेळगावात इंग्रजी शाळेत जाते. मी हे कधी लपवलं नाही, पण आपण होऊन सांगितलंही नाही. या दोन्हींतला फरक मला रोज सकाळी तिच्या टायची गाठ मारताना बोचतो.

"इंग्लिश मीडियमला," मी म्हणालो.

"मग?" सुनीता म्हणाली. आत तिची सासू हसली.

आप्पा एक पाऊल पुढं सरकले. "आगं, त्यो आमच्या शाळंचाच नियम हाय. गुऱ्हाळात हुती तवापासनं. गुरुजीचं पोर गुरुजीच्या शाळंत घ्याचं न्हाई. उद्या नापास केलं तर बायकू जेवाय घालंल व्हय त्यास्नी?"

"असला कुठं नियम असतोय?"

"तुज्या सासऱ्याला इचार."

सासरे भिंतीवर हार घालून होते. सुनीता त्यांच्याकडं बघून हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "बरं, धाडते जावा. पर गुरुजी, मारायचं न्हाई हां."

गल्लीच्या वळणावर मी विचारलं, "आप्पा, असा नियम खरंच होता?"

"न्हवता. आजपासनं हाय."

थोडं चालल्यावर ते आपणहून बोलले. "माजं पोरगं बी मी बेळगावात हॉस्टेलात ठेवलतं. इंग्रजी शाळंत. ही रडत हुती, तरी ठेवलं. आता बेंगळूरला हाय. लई चांगला हाय. फोन करतोय. शाळंचं काढलं की म्हणतोय, आप्पा, मीटिंग हाय."

ते हसले. मला हसता आलं नाही.

मोटारसायकलला किल्ली लावली तेव्हा त्यांनी हँडलवर हात ठेवला. "आयतवारी तुमच्या पोरीला आणा की. नाव घालाय न्हवं. नुसती आणा."

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही खोल्या उघड्या होत्या, पडवी झाडलेली होती. मुलीनं सगळं ऐकलं. चिकटलेल्या पाट्यांना हसली, सांध्याखाली उभं राहून वर बघितलं. मग मधल्या गल्लीच्या खोलीत तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठे बसायचा?"

आप्पा बोलता बोलता थांबले. इतकी वर्षं मी तो इतिहास ऐकला होता, पण हे कधी विचारलं नव्हतं. ते खोलीभर बघत राहिले. मग खिडकीपाशी गेले, धोतर सावरलं आणि भिंतीला हात टेकत सावकाश मांडी घालून बसले.

"हितं," ते म्हणाले, आणि शेजारची फरशी तिच्यासाठी तळहातानं झाडली.