जिवाणूंचा जाहीर सत्कार

एका जंगलात, बाळांनो, एक साळिंदरबाई राहायची. तिला पिल्लं बरीच आणि नवरा नुसता नावाला. तिने ओढ्याकाठी रताळी लावली होती, पण वेल काही केल्या जोम धरेनात. रताळी आली नाहीत तर पिल्लांना घेऊन जाऊबाईंकडे राहायला जावं लागणार होतं. जाऊबाईंच्या अंगावरचे काटे लांब, आणि जिभेवरचे त्याहून लांब.

शेतकी कॉलेजच्या कुंपणाखाली काही काळ राहून आलेला एक मुंगूस तिला म्हणाला, "वहिनी, हे जस्ताचे नॅनो कण. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. मुळांना जस्त पुरवतात. आणि या डब्यात चांगले जिवाणू आहेत. ते मुळांशी राहून त्यांना अन्न मिळवून देतात. फक्त त्यांना मातीतच राहू द्या. उन्हात काढलेत की संपलं."

साळिंदरबाईने तसंच केलं. वेल असे फोफावले की तिने जाऊबाईंचा विचार मनातून काढूनच टाकला. फार हलकं वाटलं हो तिला.

पण बातमी दरबारात गेली. आणि त्या जंगलात कुणी काही चांगलं केलं, की त्याचा सत्कार झाल्याशिवाय राहत नसे.

"कुणी केलं हे?" सिंहमहाराजांनी विचारलं.

"जिवाणूंनी, महाराज. आणि कणांनी," साळिंदरबाई म्हणाली.

"मग त्यांना व्यासपीठावर आणा."

"ते मातीतच बरे आहेत, महाराज."

"म्हणजे आमची शाल नको?"

राजाची शाल नाकारणार कोण? साळिंदरबाईने रडत रडत वेल उपटले आणि मुळांसकट माती ताटात काढून व्यासपीठावर ठेवली. तीही भर दुपारी. माकड नॅनो कणांना हार घालायला पुढे झालं, पण गळा सापडेना. शेवटी तो हार सिंहमहाराजांनीच घालून घेतला. मग हत्ती प्रास्ताविकाला उभा राहिला आणि स्वतःच्या लहानपणाविषयी बोलू लागला. आभारप्रदर्शन झालं तेव्हा उन्हं उतरली होती. ताटातली माती खडखडीत वाळली होती आणि जिवाणू एकूण एक मेले होते.

"सत्कारमूर्ती एक शब्दही बोलले नाहीत. किती हा विनय," सिंहमहाराज म्हणाले.

मुंगसाने खरं काय ते सांगितलं, तेव्हा महाराजांना फार वाईट वाटलं. त्यांनी लगेच शोकसभा जाहीर केली. प्रास्ताविक हत्तीच करणार होता.

साळिंदरबाई थांबली नाही. पिल्लं घेऊन ती जाऊबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. जाऊबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ये," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे सत्कार झाला म्हणे. शाल नाही आणलीस ती?"

तात्पर्य : पिकासाठी जिवाणू निवडताना ते मुळांना काय देतात, हे नंतर पाहावं. आधी ते भाषणात टिकतात का, याची खात्री करून घ्यावी.