डेल होल्टकँप यांच्या अत्यावश्यकतेबाबत

लोकशाहीचा पाया न्यायव्यवस्था, न्यायव्यवस्थेचा पाया ज्यूरी, आणि ज्यूरीचा पाया म्हणजे कामाला दांडी मारायला मिळाली म्हणून मनातून सुखावलेले, पण चेहऱ्यावर तसं दिसू न देणारे बारा नागरिक. आमच्या काउंटीच्या कोर्टावर हे वाक्य कोरलेलं नाही. कोरायला हरकत नसावी.

ओहायोतल्या आमच्या प्लम फोर्क गावात ज्यूरीचं बोलावणं कोणाच्याही टपालपेटीत कधीही येऊन पडतं. ते आलं की माणूस प्रथम राज्यघटनेविषयी आदर व्यक्त करतो. मग कंपनीत येऊन मनुष्यबळ विभागाचं दार ठोठावतो. त्या दाराआड सतरा वर्षं मी बसत असे. माणूस दार लोटून घेतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "लोरेटा, ते पत्र दे ना."

ते पत्र म्हणजे अत्यावश्यकतेचं पत्र. त्याचा मजकूर ठरलेला आहे: 'सदर कर्मचारी आमच्या कामकाजासाठी अत्यावश्यक असून त्यांच्या अनुपस्थितीत कंपनी तीन दिवसांत बंद पडेल, तरी न्यायालयाने त्यांना ज्यूरीच्या कामातून मुक्त करावे, ही विनंती.' तीन दिवस हा आकडा मी विचार करून घातला होता. दोन म्हटलं तर न्यायाधीशांना अतिशयोक्ती वाटते आणि चार म्हटलं तर तोवर खटलाच संपतो. सतरा वर्षांत अशी एकशे त्रेचाळीस पत्रं मी लिहिली. त्यांतल्या एकोणचाळीस जणांना पत्र वाचूनही कोर्टाने ठेवून घेतलं, म्हणजे कंपनी एकोणचाळीस वेळा बंद पडायला हवी होती. प्रत्यक्षात ती एकदाच, अर्धा दिवस बंद पडली, तीही स्वच्छतागृहाचा पाइप फुटल्यामुळे. (गावातला प्लंबर त्या आठवड्यात ज्यूरीवर होता. त्याला पत्र लिहून देणारं कोणी नव्हतं.)

आमची कंपनी 'फरशी ओली आहे, जपून चाला' असे पिवळे बोर्ड विकते. बोर्ड तयार होतात टेनेसीत, साठवले जातात इंडियानात आणि लोक घसरतात देशभर. आमच्या इमारतीत एकतीस माणसं बसून या सगळ्यावर लक्ष ठेवतात.

त्यांतला एक डेल होल्टकँप. हुद्दा वरिष्ठ समन्वयक, पूर्व विभाग. (पश्चिम विभाग नाही. कधी नव्हता.) वय चौपन्न, नोकरी एकोणीस वर्षं, स्वभाव गरीब. सगळ्यांना आलेल्या प्रत्येक ईमेलला 'मिळालं, धन्यवाद' असं उत्तर तो सगळ्यांना पाठवत असे. याखेरीज तो काय करतो हे मला सांगता आलं नसतं, आणि मी त्याची कामगिरी दरवर्षी 'समाधानकारक' अशी नोंदवत आले होते.

नोव्हेंबरात मुख्य कार्यालयाचा आदेश आला की आमच्या इमारतीतलं एक पद वर्षअखेरीच्या आत कमी करावं. आमचे संचालक ग्रेग व्हॅनहुक यांनी कर्मचाऱ्यांची यादी मागवली आणि डोळे मिटून आठवतील तेवढी नावं म्हणून पाहिली. तीस आठवली. न आठवलेलं नाव डेलचं निघालं. 'आपले पद कंपनीस अनावश्यक ठरले आहे' असं पत्र मी टाइप केलं, ग्रेगने सही केली, शुक्रवारी द्यायचं ठरलं. आणि गुरुवारी डेलला ज्यूरीचं बोलावणं आलं.

कंपनीच्या वकिलाने फोनवर सांगितलं, ज्यूरीला बोलावलेल्या माणसाला हात लावू नका, कायदा कडक आहे, खटला संपेपर्यंत त्याच्याकडे बघून फक्त हसा. पण खटला वर्षअखेरीच्या पुढे गेला तर मुख्य कार्यालयाला नाव कोणाचं द्यायचं? ग्रेगने मला बोलावलं.

"आधी त्याला कोर्टातून सोडवून आणायला हवं," तो म्हणाला. "तुझं ते नेहमीचं पत्र लिही. अत्यावश्यक वगैरे."

"आणि सुटून आला की?"

"की दुसरं पत्र दे. अनावश्यक."

"दोन्हींवर सही तुझीच आहे, ग्रेग."

"तारखा वेगळ्या घाल म्हणजे झालं."

तर्कशास्त्राच्या दृष्टीने यात काहीही चूक नव्हती. माणूस गरजेचा नाही म्हणून काढायचा असेल, तर त्याच्यावाचून आपलं चालत नाही हे आधी सिद्ध करावं लागतं. मी पत्र लिहिलं आणि प्रत डेलच्या हातात दिली. त्याने ती दोनदा वाचली आणि चष्मा काढून पुसला.

"अगं लोरेटा," तो म्हणाला, "एकोणीस वर्षांत हे मला कोणी बोललं नव्हतं गं. अजून एक प्रत देतेस? घरी बायकोला दाखवतो, जोलीनला. तिला वाटतं मी इथे नुसता बसतो."

मला वाईट वाटलं. मनुष्यबळ विभागात वाईट वाटण्यासाठी वेगळा रकाना नसतो, म्हणून मी ते 'इतर' या सदराखाली टाकलं. पत्राच्या दोन प्रती काढून दिल्या. अनावश्यकतेचं पत्र ड्रॉवरमध्येच होतं.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी डेल कोर्टात हजर झाला. खटला गंभीर होता. गेल्या वर्षी हॅलोवीनला एकाने अंगणात बारा फुटी सांगाडा उभा केला, सण संपल्यावर आवरून न ठेवता थँक्सगिव्हिंगसाठी त्यालाच टर्कीचा पिसारा लावला, आणि पहिल्या मोठ्या वाऱ्यात तो उडून शेजाऱ्याच्या बोटीवर बसला. सांगाडा आपण होऊन बसला की निष्काळजीपणामुळे, एवढाच प्रश्न होता. वकिलांचा अंदाज चार आठवड्यांचा होता.

न्यायाधीश मार्लीन स्टकी या बाई कडक आहेत. आमच्या कंपनीची एकशे त्रेचाळीस पत्रं त्यांनी एका फायलीत लावून ठेवली आहेत, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी डेलचं एकशे चव्वेचाळिसावं पत्र वाचलं आणि ग्रेगला त्याच दुपारी हजर व्हायला सांगितलं. त्याच्या मागे फायली धरायला मीही गेले.

"मिस्टर व्हॅनहुक," बाई म्हणाल्या, "ही सही तुमची?"

"हो, बाईसाहेब."

"तीन दिवसांत कंपनी बंद पडेल असं लिहिलंय. मार्चमध्येही लिहिलं होतंत. तेव्हाचा माणूस मी सहा आठवडे ठेवून घेतला होता. कंपनी चालू दिसतेय."

"तो वेगळा होता, बाईसाहेब. डेलची गोष्ट निराळी आहे. सगळं त्याच्यावरच चालतं."

"छान. मग बघूनच येऊ. आज सोमवार. डेल होल्टकँप माझ्याकडे राहतील. गुरुवारी माझा बेलिफ तुमच्याकडे येईल. काम बंद पडलेलं असेल, तर मी त्यांना सोडते आणि तुमची भर कोर्टात माफी मागते. चालू असेल, तर खोटं लिहून दिल्याबद्दल तुम्ही तीस दिवस काउंटीचा पाहुणचार घ्यायचा. डबा घरून आणता येत नाही."

ज्यूरीच्या बाकावर बसलेल्या डेलने आम्हाला हात केला. सगळं त्याच्यावरच चालतं हे ग्रेगने शपथेवर सांगितलेलं त्याने ऐकलं होतं, आणि त्याचा चेहरा लग्नातल्यासारखा उजळला होता.

कंपनीत पोचल्यावर ग्रेगने जाहीर केलं की गुरुवारी सकाळी नऊपर्यंत काम पूर्णपणे बंद पडलेलं दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी कामबंद नियोजन समिती स्थापन करण्यात येत आहे. समितीची पहिली बैठक मंगळवारी दुपारी दोनला ठरली. गुरुवारी कोणी हताश दिसायचं, कोणी कागद पसरायचे, कोणता फोन कोणी उचलायचा नाही, अशी एकवीस कलमांची कार्यक्रमपत्रिका त्याच संध्याकाळी सगळ्यांना गेली. तिला 'मिळालं, धन्यवाद' असं उत्तर आलं नाही तेव्हा डेल खरंच नाहीये, हे प्रथम जाणवलं.

माणसाने कितीही नियोजन केलं तरी काउंटीत हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायचा तेव्हा होतोच. बेलिफ रॉय पेटिट बुधवारपासून झाडावर बसणार होता. वर्षभर शिल्लक ठेवलेली रजा त्याने त्यासाठीच काढली होती. म्हणून गुरुवारचं काम त्याने मंगळवारी सकाळीच उरकलं. कोणाला कळवलं नाही, कारण कळवण्याविषयी हुकमात काही नव्हतं.

तो आला तेव्हा समितीची बैठक व्हायला चार तास अवकाश होता. म्हणजे काम बंद असल्याचं नाटक अजून सुरूच झालं नव्हतं. तो एक साधा, चालू मंगळवार होता. रॉयचा अहवाल बुधवारी न्यायाधीशबाईंनी आम्हाला बोलावून भर कोर्टात वाचून दाखवला. त्यातला महत्त्वाचा भाग जसाच्या तसा देते.

'दहा वाजून पाच मिनिटांनी इमारतीत प्रवेश केला. पाहुण्यांची नोंद करणाऱ्या टेबलावर कोणी नाही. फोन वाजत होता. तो मी इमारत सोडेपर्यंत वाजत होता.

पहिल्या मजल्यावर चौदा माणसं एका केकभोवती उभी. वाढदिवस कोणाचा, असं विचारलं असता नक्की सांगता आलं नाही. मला एक तुकडा देण्यात आला. (केक चांगला होता.)

एक इसम पडद्यावर पत्त्यांचा डाव लावत होता. माझा गणवेश पाहून त्याने डाव लपवला नाही, उलट लाल राणी कुठे लावू म्हणून विचारलं.

बैठकीच्या खोलीत सहा जण. पुढची बैठक कधी घ्यायची यावर बैठक चालू होती. एक जण झोपलेला. त्याचंही मत घेण्यात आलं.

कामाबद्दल एकूण नऊ जणांना प्रश्न केले. आठ जणांनी एकच उत्तर दिलं: "ते डेलकडे आहे. डेल आला की बघू." नवव्याने "डेल कोण?" असं विचारलं. त्याचं टेबल होल्टकँप यांच्या टेबलाला लागूनच होतं.

मनुष्यबळ विभागाचं दार बंद. आत बसणारी व्यक्ती कुठे आहे, हे कोणालाही सांगता आलं नाही. बाहेर गाडीत सँडविच खात बसलेल्या एका बाईने मला इमारतीचं दार दाखवलं होतं आणि ते अडकतं, धक्का द्या, असंही सांगितलं होतं. कंपनीशी तिचा काही संबंध दिसला नाही.

निष्कर्ष: काम पूर्णपणे बंद आहे. कंपनीने तीन दिवस म्हटलं होतं, पण एका दिवसातच बंद पडलं. इतकी मोडकळीला आलेली जागा मी बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही. त्या माणसाला लवकर सोडावं.'

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

"मिस्टर व्हॅनहुक, मी तुमची माफी मागते," त्या म्हणाल्या. "एकशे त्रेचाळीस पत्रं खोटी होती म्हणून एकशे चव्वेचाळिसावंही खोटं, असं मी धरून चालले. होल्टकँप, तुम्ही आत्ताच्या आत्ता कामावर जा. माणसांचे हाल चाललेत तिकडे."

'डेल होल्टकँप हे सदर कंपनीस अत्यावश्यक असल्याचे प्रत्यक्ष पाहणीअंती सिद्ध झाले आहे,' असा लेखी हुकूम झाला. ग्रेगला हायसं वाटलं. ते साधारण चार सेकंद टिकलं. मग वकील त्याच्या कानाशी लागून म्हणाला की आता या माणसाला अनावश्यक म्हणून काढलंत, तर तीस दिवसांचा पाहुणचार पुन्हा उभा राहील. डेल उभ्या जन्मात हलत नाही.

डेल परत आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या खोट्या नव्हत्या. तो नव्हता त्या अडीच दिवसांत 'ते डेलकडे आहे' असं सांगून लोकांना पहिल्यांदाच अपराधी वाटलं होतं. तो खुर्चीवर बसला आणि आठशे बारा ईमेलना 'मिळालं, धन्यवाद' असं उत्तर देऊ लागला. इमारत पूर्ववत चालू झाली, म्हणजे पूर्ववत बंद झाली.

पण मुख्य कार्यालयाला एक नाव हवंच होतं. शुक्रवारी ग्रेगने मला बोलावलं.

"बस, लोरेटा," तो म्हणाला. सतरा वर्षांत त्याने मला बस म्हटलं नव्हतं. "ते ड्रॉवरमधलं पत्र आहे ना अजून?"

"आहे."

"त्यातलं नाव तेवढं बदलायचंय."

"कोणाचं घालू?"

रॉयचा अहवाल त्याने माझ्यापुढे सरकवला, सँडविचच्या ओळीवर बोट ठेवून. ती बाई मीच होते; बेलिफ गुरुवारी येणार म्हणून मंगळवारचा गणवेश मला कुरिअरवाल्याचा वाटला होता. दर मंगळवारी दहा ते अकरा मी गाडीत बसून रेडिओ ऐकते, हे मला वाटत होतं कोणालाच ठाऊक नाही. ते खरंच होतं, मी जागेवर नाही हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. मी जागेवर गेले, नाव बदललं, पत्र छापलं, ग्रेगची सही घेतली आणि स्वतःला दिलं. मला रडू आलं. मजकुरात मात्र एकही चूक सापडली नाही.

सामानाचं खोकं डेलने गाडीपर्यंत आणून दिलं. डिकी लावताना तो घुटमळला.

"लोरेटा, मी ऐकलं," तो म्हणाला. "तुला कुठे दाखवायला पत्रबित्र लागलं तर सांग हं. मी सही करतो. माझ्या सहीला आता किंमत आहे म्हणतात."

तर आता मी घरीच असते आणि अत्यावश्यकतेची पत्रं घरून लिहून देते. ज्यूरीचं बोलावणं आलेलंच हवं असं नाही. आपल्यावाचून सगळं अडतं असं ज्याला वाटतं, त्या कोणालाही मिळेल. मजकूर तोच आहे, तीन दिवसही तेच. तुमच्याकडून एकच माहिती लागेल: तुम्ही हे वाचायला बसलात त्याला आता दहाएक मिनिटं झाली असतील, तेवढ्या वेळात तुमचं काम अडलं म्हणून तुम्हाला किती जण शोधत आले, तो आकडा कळवा. शून्य असेल तर संकोच करू नका. तो मी आजवर कोणाच्याच पत्रात लिहिलेला नाही.