सागवानी सॉस

आमचे शेजारी शिवहारअप्पा पुडिंग करत नाहीत, मारतात. भिंतीला रंग मारावा तसं.

जन्मभर लातुरात रंगाचं दुकान चालवलं. दुकान पोराच्या ताब्यात देऊन स्वयंपाकघरात शिरले, ते दुकानातली भाषा घेऊनच. डब्याला आतून तूप लावतात, तो प्रायमर. त्यावर ब्रेडचे तुकडे. तुकड्यांच्या फटींत कस्टर्ड भरायचं, ते भिंतीच्या भेगा बुजवायच्या पुट्टीच्या पत्तीनं. पत्ती कोरी आहे, ही शपथ ते कुणी न विचारता घेतात. मग वाफवायचं आणि वर साखर जाळून केलेल्या सॉसचा पहिला हात. तो बसला की दुसरा.

सॉसला पाक म्हटलेलं त्यांना खपत नाही. माझी बायको एकदा म्हणाली, "अप्पा, हे तर आपलं डबल का मीठा, पाकातला ब्रेड."

"ताई, ते कुणीबी करतंय. ह्याला फिनिशिंग लागतं."

फिनिशिंग म्हणजे काय, तर चुलीशेजारी खिळ्याला रंगांच्या छटा दाखवणारं जुनं शेडकार्ड टांगलंय. सॉसचा थेंब ताटलीत घ्यायचा, कार्डाला लावायचा, आणि 'सागवानी' नावाच्या चौकोनाशी रंग जुळेपर्यंत साखर जाळत राहायची. चाखायची नाही. अप्पांना शुगर आहे. स्वतः जिभेला न लावता अख्ख्या गल्लीला खाऊ घालणारा हा एकच आचारी मी पाहिला.

मला हा माणूस आवडत नव्हता. आजवर बायको सोडून कुणाला बोललो नाही. मी बोलतो कुठं कुणाला काही? अप्पा दुकानात होते तेव्हाही आवडत नव्हते. आमच्या घराच्या रंगाला गेलो, तर "शेड दिवसा बघा सर, रात्रीचा शेड फसवतो" म्हणून मला दोनदा परत पाठवलं. संध्याकाळी सुटणाऱ्या नोकरदारानं दिवसा कधी यायचं?

आता दर रविवारी अप्पा वाटी घेऊन दारात हजर. वाटी देऊन जातील तर शपथ. समोर उभे राहून तोंडाकडे बघत राहायचे.

"काय कमी हाय? खरं सांगा."

"लई भारी, अप्पा."

"तसं न्हाई. खरं सांगा."

"एकदम हॉटेलसारखं," बायको म्हणायची. दार लागलं की उरलेलं पेरूच्या बुडाशी. पेरूलाही ते मानवलं नसावं. यंदा त्यानं फळ धरलं नाही.

आम्हाला वाटायचं, ह्यांना कौतुक हवंय. आणि खरी चीड होती ती वेगळ्याच गोष्टीची. आत त्यांच्या बायकोला, काकूंना, लकवा मारलेला. दिवाळीपासून अंथरुणात, वाचाही गेलेली. ज्या बाईच्या पुरणपोळीसाठी गल्ली श्रावणाची वाट बघायची, ती आत पडून आहे, आणि नवरा दारोदार पुडिंग वाटत फिरतोय! "लाज कशी वाटत नाही ह्या माणसाला," असं मी बायकोला म्हणालो. मी स्वतः मात्र दिवाळीपासून त्यांच्या आतल्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. बोलू न शकणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, या भीतीनं.

परवाच्या रविवारी, वाट्या साचल्या म्हणून बायकोनं मला त्या परत द्यायला पिटाळलं. दार उघडंच होतं. आतून अप्पांचा आवाज आला, कधी न ऐकलेला, खालच्या पट्टीतला.

"घे की गं. एकच चमचा."

काकूंनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. ओठ गच्च मिटलेले. उशाशी तीच वाटी, तोच सागवानी रंग.

मला बघून अप्पा ओशाळले. बाहेर आले, सवयीनं वाटी पुढे केली. "काय कमी हाय, सर?"

मी एक चमचा खाल्ला.

"अप्पा, कडू आहे. साखर जळालीय. दर रविवारी जळते."

"कडू?"

"कडूच."

"आन तुम्ही समदे भारी भारी म्हणून राहिले?"

मी हातातल्या वाट्या खाली ठेवल्या.

अप्पा स्टुलावर बसले. "डाक्टर म्हणले मऊ द्या. नांदेडला पुतण्याच्या लग्नात हेच पुडिंग तिनं दोनदा मागून घेतलं व्हतं. दुसऱ्याच्या हातचं तेवढंच आवडलं तिला, सबंध जन्मात. चव मला कुठली ठाऊक? रंग तेवढा बघून ठेवला. तिला बोलता येईना म्हणून तुम्हाला इचारलं, तर समदे भारी म्हणले. मला वाटलं, माझ्या हातचं नको हाय तिला."

"लग्न रात्रीचं होतं का, अप्पा?"

"व्हय. मांडवात पिवळे दिवे..." आणि तिथंच त्यांनी कपाळावर हात मारला. "आरं माझ्या कर्मा! गिऱ्हाईकाला जन्मभर सांगत आलो!"

शेडकार्ड आम्ही दोघांनी अंगणात नेलं. उन्हात धरलं. सागवानीच्या बऱ्याच वर मधासारखा एक चौकोन होता, त्यावर मी बोट ठेवलं. अप्पांनी नवी साखर चढवली. मी दर मिनिटाला चाखत होतो आणि पहिल्यांदाच खरं बोलत होतो: अजून नाही, अजून नाही, उतरवा.

वाटी घेऊन ते आत गेले. मी स्वयंपाकघरातच उभा राहिलो. चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला.

मग अप्पा म्हणाले, "बसला गं पहिला हात. दुसरा देऊ?"