कंप्युटरची पाटी

सकाळी कंप्युटर सुरू केला की पडद्यावर पिवळ्या बदकाचं चित्र यायचं आणि बदकाशेजारी इंग्रजीत नाव यायचं, राधिका. श्यामराव पिंपळखुट्यांची ही मुलगी उन्हाळ्यात लग्न होऊन नागपूरला गेली होती, पण कंप्युटरला ही बातमी कोणी दिली नव्हती. तो रोज सकाळी तिचंच नाव घेऊन हजर व्हायचा. ते बघून श्यामरावांचा गळा दाटून यायचा आणि मग दिवसभर कोणावर तरी चिडावं लागायचं. शेवटी त्यांनी ठरवलं, की हे नाव बदलायचं.

बायकोला, सुशीलाबाईंना, मात्र त्यांनी गळ्याबिळ्याचं काही सांगितलं नाही. कारण सांगितलं ते अगदी सरकारी. नवं राज्य झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं आणि गावातल्या रंगाऱ्यांना जेवायला फुरसत नव्हती. जिकडे बघावं तिकडे पाट्यांवरचं मध्यप्रदेश पुसून छत्तीसगढ लिहिणं चाललेलं. श्यामराव एका खात्यात जुन्या फायली सांभाळायच्या खोलीत बाबू होते. त्यांच्या दारावरची पाटी बदलली, पण आतल्या कपाटांवर जुनंच नाव राहून गेलं, आणि तपासणीला आलेल्या नव्या साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, की आपण सध्या कोणत्या राज्यात नोकरी करता. तेव्हापासून श्यामरावांनी नावांचा धसकाच घेतला होता. स्वयंपाकघरातल्या डब्यांनाही त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या आणि धण्याच्या डब्यात जिरं सापडलं तेव्हा सुशीलाबाईंकडे खुलासा मागितला.

"पोरगी सासरी गेली. आता कंप्युटर आपण वापरून राहिलो. तं पाटी आपल्या नावाची पाहिजे," ते म्हणाले.

सुशीलाबाई कोजागिरीच्या भुलाबाईच्या तयारीत होत्या. माहेरी पुलगावला भुलाबाईला ज्वारीच्या ताटांचा मांडव करत, पण रायपुरात ज्वारी कुठली. इथं धानाच्या काड्यांवर भागवावं लागे. हातातलं काम न सोडता त्या म्हणाल्या, "बदलवा. पण माह्या आईच्या गाण्यांले धक्का नाही लागला पाहिजे."

ही गाणी म्हणजे घरातली सगळ्यात मोठी ठेव होती. मागल्या वर्षी सुशीलाबाईंची आई पुलगावहून आली होती, तेव्हा राधिकानं तिला कंप्युटरपुढं बसवून भुलाबाईची गाणी तिच्या आवाजात भरून घेतली. म्हातारी आधी त्या माइकशी बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी ओरडून बोलली, मग रुळली आणि दुपारभर गात राहिली. थंडीत ती गेली. गाण्यांची सीडी करायचं राधिकाच्या मनात होतं, पण लग्नाच्या धांदलीत ते राहून गेलं. ती गाणी पुरी येणारं आता पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणी नव्हतं, सुशीलाबाईंनाही निम्मीच यायची. येत्या रविवारी कोजागिरी होती आणि पाऱ्यातल्या मराठी बायका तीच गाणी ऐकायला येणार होत्या.

मुलगा पियुष सिलतऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला होता. त्याच्याशी घरात सगळे मराठीत बोलत आणि तो हिंदीत उत्तर देई. शनिवारी ड्यूटीवरून आल्यावर, कॉलरवरची काळी धूळ झटकायच्या आधीच, त्यानं चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि बदकाशेजारी श्यामराव हे नाव आलं.

"हो गया, पापा. ऊपर का नाम बदला है, अंदर सब वैसा ही है. अब आप कुछ छेड़ना मत."

सुशीलाबाईंनी लगेच गाणी लावून बघितली. ती होती. सगळं इथंच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

रविवारी पियुष सकाळीच कामावर गेला, सुशीलाबाई भुलाबाईची मूर्ती आणायला गोल बाजारात गेल्या आणि श्यामराव आपल्या नावाच्या कंप्युटरपुढं चहा घेऊन बसले. थोडा वेळ त्यांनी नुसतंच नावाकडे बघून घेतलं. मग सवयीनं आत डोकावले. हे दार उघड, ते दार उघड करता करता ते अशा जागी पोचले, जिथं घरातली सगळी कागदपत्रं, फोटो आणि गाणी एका मोठ्या फोल्डरमध्ये ठेवलेली होती. आणि त्या फोल्डरवर नाव होतं, राधिका.

श्यामरावांच्या हातातला कप तसाच राहिला. बाहेर नवी पाटी आणि आत जुनं कपाट. साहेबांचा तो प्रश्न त्यांना शब्दन् शब्द पुन्हा ऐकू आला. पियुषचं पोरगेलं काम, वरवर रंग मारून मोकळा, असं म्हणत त्यांनी चष्मा पुसला आणि फोल्डरचं नाव बदलायला घेतलं. कंप्युटरनं साफ नकार दिला. हे सध्या वापरात आहे, म्हणाला.

दुसरा कोणी असता तर उठला असता. पण श्यामरावांना कचेरीचा अनुभव होता. बाबू टेबलावर बसलेला असताना त्याचं कपाट हलवता येत नाही. त्याला रजेवर पाठवायचं, जागी प्रभारी बसवायचा आणि मग काय ते करायचं. त्यांनी कंप्युटरवर आणखी एक खातं काढलं, त्याला अधिकार दिले आणि नाव ठेवलं प्रभारी. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, प्रभारी होऊन आत शिरले आणि त्या फोल्डरवरचं राधिका खोडून श्यामराव लिहिलं. या वेळी कंप्युटरनं चूं केलं नाही.

मोठ्या समाधानानं ते पुन्हा श्यामराव होऊन आत आले. पडद्यावर हिरवी टेकडी होती, वर निळं आभाळ होतं आणि बाकी काहीही नव्हतं. राधिकाच्या लग्नातला फोटो नाही, पत्रं नाहीत, गाणी नाहीत. मशीन दुकानातून आजच आणल्यासारखं कोरं होतं. श्यामरावांनी ते बंद करून सुरू केलं, मग हळूच थोपटलं, मग देवाला हात जोडून पुन्हा सुरू केलं. टेकडी हलली नाही.

त्यांनी गुढियारीच्या भैय्यालालला फोन लावला. हा कंप्युटर त्यानंच जोडून दिला होता. भैय्यालाल खिशात सीडी घालूनच आला, मिनिटभर पडद्याकडे बघितलं आणि निदान केलं.

"हव बाबूजी, फॉरमॅट मारना पड़ेगा."

भैय्यालालच्या हाती मशीन आलं, की मग ते गरम होवो, हळू चालो की आवाज करो, औषध हे एकच असे. फॉरमॅटनंतर आतल्या गाण्यांचं काय होईल, असं श्यामरावांनी घाबरत विचारलं, तेव्हा त्यानं प्रेमानं समजावलं, की काहीच राहणार नाही, मशीन आजच जन्मल्यासारखं होईल. श्यामराव उठले आणि सीडी घालायच्या फटीवर हात ठेवून उभे राहिले. भैय्यालाल त्यांना बाजूला व्हायला सांगत होता आणि ते मान हलवत होते. नेमक्या त्याच वेळी सुशीलाबाई भुलाबाईला पदराखाली घेऊन दारात आल्या.

आधी श्यामराव म्हणाले, मशीन तापली आहे, आराम करून राहिली. सुशीलाबाईंनी टेबलफॅन आणून मशीनकडे वळवला. मग फॅन कंप्युटरवर आणि घाम श्यामरावांना, असा थोडा वेळ गेल्यावर त्यांच्यानं राहवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं, प्रभारीसकट.

सुशीलाबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मूर्ती जपून खाली ठेवली आणि स्टुलावर बसल्या.

"माह्या आईचा आवाज गेला?"

"गेला नाही," श्यामराव म्हणाले, पण त्यांचा स्वतःचाच आवाज गेला होता. "कुठं आहे ते सापडून नाही राहिलं."

भैय्यालालनं सीडी हळूच खिशात परत घातली. मग सुशीलाबाईंनी पुन्हा एकदा विचारून घेतलं, की काल पियुषनं नाव बदललं तेव्हा गाणी होती ना. होती. आणि आज तुम्ही आतलं नाव बदललं तेव्हा गेली ना. हो.

"तं मंग आत हात काहून घातला तुम्ही? वरतं नाव बदलवलं, ठीक आहे. माहंही बदलवलं होतं तुम्ही. तांदळात लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, झालं. पण आतलं कोणी खोडते का? तसं केलं असतं तं मलेच माहं काही सापडलं नसतं. द्या त्याले त्याचं नाव परत."

श्यामरावांना ते ताट आठवलं. लग्नात पसरलेले तांदूळ, हातात अंगठी, आणि गुरुजी नवरीचं नवं नाव काय म्हणून घाई करताहेत. त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं. आत्यानं कानात सुशीला म्हटलं आणि त्यांनी ते गिरवलं. पुढं कितीतरी दिवस सुशीला म्हणून हाक मारली की नवी सून ओ देत नसे. श्यामरावांच्या आईनं पाऱ्यात सांगून टाकलं, की पोरगी गुणाची आहे, पण कानानं कमी. एकदा तिला कानाच्या डॉक्टरकडेही नेऊन आणलं. तेव्हा सगळे हसले होते, श्यामरावही. आज त्यांना हसू आलं नाही.

ते मुकाट्यानं पुन्हा प्रभारी झाले. आत बघतात तो राधिका नावाचा एक नवाच फोल्डर तयार झालेला, रिकामा. त्यांनी आपलं नाव लावलेलं कपाट मशीनला ओळखू आलं नव्हतं, म्हणून बिचाऱ्यानं जुन्या नावाचं दुसरं मांडलं होतं. श्यामरावांनी ते बाजूला सारलं आणि भरलेल्या फोल्डरवरचं आपलं नाव खोडून, एकेक अक्षर बघत, राधिका लिहिलं. मग प्रभारीला निरोप दिला आणि आपल्या नावानं आत आले.

टेकडी गेली होती. राधिका नऊवारीत हसत होती आणि बाजूला सगळं जिथल्या तिथं होतं. सुशीलाबाईंनी पहिलं गाणं लावलं. आधी नुसती खरखर, मग खोकला, मग मागल्या वर्षीची ती दुपार जशीच्या तशी खोलीत आली.

"वनमाले, टाळी धर न माय. टाळीबिगर मले पुढचं सुचत नाही," म्हातारी म्हणाली आणि गाऊ लागली.

सुशीलाबाईंनी डोळे न पुसता टाळी धरली. भैय्यालालला मराठी कळत नव्हतं, पण त्यानंही धरली. श्यामराव मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिले. वनमाला. हे नाव त्यांनी लग्नपत्रिकेत वाचलं होतं आणि त्यानंतर एकदाही उच्चारलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. पोरीचं नाव नुसतं पडद्यावर दिसलं की आपला जीव कासावीस व्हायचा, आणि हिचं नाव आपण अंगठीनं गिरवून एका झटक्यात घालवलं, हे त्यांना इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी बायका आल्या, गाणी झाली, झाकल्या डब्यातला खाऊ ओळखायच्या खेळावरून भांडणंही झाली. बायका गेल्यावर आणि सुशीलाबाई भांडी आवरत असताना श्यामराव कंप्युटरपुढं जाऊन बसले. पियुषनं टिचक्या मारल्या होत्या त्याच चार ठिकाणी त्यांनी भीतभीत टिचक्या मारल्या. आत कुठंही डोकावले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पियुषनं कंप्युटर सुरू केला. श्यामराव तोंडासमोर पेपर धरून बसले होते आणि सुशीलाबाई आत कणीक मळत होत्या. बदक आलं. पियुषनं शेजारचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि मोठ्यानं विचारलं, "पापा, ये वनमाला कौन है?"

श्यामरावांनी उत्तर जुळवायला पेपर खाली घेतला, पण त्याची गरज पडली नाही. स्वयंपाकघरातून पहिल्याच हाकेला ओ आली.