नदीकाठचं कुरण आणि टिटवीची चार अंडी

एका जंगलात, बाळांनो, एक कुरण विकायला निघालं. कुरण चांगलं ऐसपैस होतं. मागे डोंगर, पुढे नदी, मधे गुडघाभर गवत आणि एक ओसरीचं घर. मालक होता सुभानराव नावाचा म्हातारा घोडा. त्याची मुलं शहरात वरातीच्या धंद्याला लागली होती. तिथे बँड होता, जरीची झूल होती. ती काही गवतासाठी परत येणार नव्हती.

विक्रीचं काम कोल्ह्याने घेतलं. त्याने वाटेवरच्या झाडाला पाटी लावली : ‘डोंगराच्या कुशीत, नदीला लागून, ऐतिहासिक कुरण विकणे आहे.’

ऐतिहासिक कसं, असं तुम्ही विचाराल. शंभर वर्षांपूर्वी एक सिंह तिथे शिकारीला आला होता. शिकार मिळाली नाही. तो पाणी प्यायला आणि निघून गेला. इतिहासाला एवढं पुरतं.

गिऱ्हाईक आलं दूरच्या जंगलातून. मधाच्या व्यापारात वर आलेलं एक अस्वल. त्याला सगळे रावसाहेब म्हणत. रावसाहेबांना डोंगर आवडला, नदी आवडली. सिंह पाणी प्यायला ती जागा त्यांनी दोनदा पाहिली. मग विचारलं, “यंदा टिटवीने अंडी कुठे घातलीत?”

कोल्हा खोकला.

त्याचं असं आहे. टिटवी जमिनीवर अंडी घालते. ती सखल जागी घातली तर पाऊस बेताचा. उंचावर घातली तर पूर येणार. सगळं जंगल असं मानायचं. आणि यंदा टिटवीने अंडी घातली होती थेट टेकडीवरच्या कातळावर.

“आठ दिवसांनी येतो,” रावसाहेब म्हणाले. “अंडी दाखवा, मग बोलू.”

कोल्हा टेकडी चढून गेला. टिटवी चरायला गेली होती. चार अंड्यांवर टिटवा बसला होता. हा टिटवा भारी भिडस्त. कुणी बोलू लागलं की तो मान खाली घालून जमिनीवरच्या खड्यांकडे बघायचा.

“काय टिटवेभाऊ,” कोल्हा म्हणाला. “एवढ्या वर कशाला संसार मांडलात?”

“खाली मुंग्या फार झाल्यात. पावसाचं आम्हाला काही कळत नाही हो.”

“हे आणखी कुणाला सांगू नका. जंगलात मान आहे तुम्हाला. आता असं करू, आठ दिवस अंडी खाली वाळूवर नेऊ. व्यवहार झाला की परत वर.”

“नेणार कशी? आम्हाला हात नाहीत.”

“मला तोंड आहे,” कोल्हा म्हणाला.

टिटव्याला नाही म्हणायचं होतं. शब्द चोचीपर्यंत आलासुद्धा. पण समोरचा इतक्या आदराने बोलत होता.

टिटवी परतली तेव्हा अंडी नदीकाठच्या वाळूवर होती. तिने मोजली.

“चार होती.”

“एक दलालीचं,” टिटवा खड्यांकडे बघत म्हणाला. “तशी पद्धत आहे म्हणे.”

“अहो, तो कोल्हा आहे.”

“आता तो धंद्यात आहे.”

टिटवीने त्याच्याकडे पाठ फिरवली. उरलेल्या तिन्हींवर पंख पसरून बसली. तिची ती पाठ टिटव्याला फार लागली.

आठव्या दिवशी रावसाहेब आले. वाळूवरची अंडी पाहून त्यांचा चेहरा खुलला. आणि टिटवा जन्मात पहिल्यांदा आपणहून बोलला.

“रावसाहेब, ही वर होती. यांनी खाली आणलीत. आणि ते करंजाचं झाड बघा. वरच्या फांदीत वाळका गाळ अडकलाय. तो पाण्यानेच नेलाय तिथे.”

रावसाहेब हसले. “अंड्यांवर माझा विश्वास आहे. अंडीवाल्याचं काय, तो काहीही बोलेल. स्वतःलाच जागा हवी असेल याला.” मग त्यांनी वर पाहिलं. “पण तो गाळ?”

“ऐतिहासिक आहे,” कोल्हा म्हणाला.

व्यवहार झाला. रावसाहेबांनी एक अट घातली. अंडी ही पूर न येण्याची हमी. सबब पावसाळा संपेपर्यंत ती हलवायची नाहीत.

“आता वर नेऊ ना?” टिटव्याने कोल्ह्याला विचारलं.

“करारात अडकलीत हो. शिवाय वर न्यायची तर पुन्हा दलाली आली.”

पाऊस लागला. नदी रोज एक पाऊल पुढे सरकत होती. टिटवी उठली नाही. टिटवा पाणी आणि अंडी यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत राहिला, जणू तो नदीला अडवणार होता. एके सकाळी पाणी वाळूला लागलं आणि त्याच सकाळी अंडी फुटली. टिटवीची पिल्लं जन्मल्या दिवशी चालतात. तिन्ही आईमागून टेकडी चढू लागली. टिटवा सगळ्यांच्या मागे, दर चार पावलांनी मोजत.

रावसाहेब ओसरीवर बसून बघत होते. टरफलं खालीच होती. म्हणजे हमी शाबूत होती. ते निवांत बसले.

संध्याकाळी नदी ओसरीवर आली. रावसाहेब करंजावर चढले आणि गाळ अडकलेल्या त्या फांदीवर तीन दिवस बसून राहिले. तिथून देखावा फार छान दिसतो.

जंगलाने दोष टिटव्याला दिला. खाली अंडी घालून सगळ्यांना गाफील ठेवलं, म्हणाले. कुरण पुन्हा विकायला निघालं. कोल्ह्याने पाटीवर एक ओळ वाढवली : ‘नदी थेट ओसरीपर्यंत येते.’

पुढच्या वर्षी कातळावर पुन्हा चार अंडी होती. कोल्हा वर आला. “काय टिटवेभाऊ.”

टिटव्याने सवयीने मान खाली घातली. समोर खडे होते. करडे, ठिपक्याठिपक्यांचे. शेजारी अंडी होती. करडी, ठिपक्याठिपक्यांची. इतकी वर्षं तो दोन्हींकडे बघत आला होता.

“तुम्ही चला,” तो म्हणाला. “खालचं मी बघतो.”

नदीकाठी गोट्यांना काय तोटा. त्याने चांगले चार निवडले आणि चोचीने ढकलत वाळूवर मांडले.

नवं गिऱ्हाईक म्हणजे एक उंट. नदीकाठी राहायची त्याच्या सात पिढ्यांची हौस. त्याने लांब मान वाकवून पाहिलं. “वा. चारही खालीच.” मग टिटव्याला विचारलं, “यंदा पाणी चढेल का हो?”

टिटव्याने मान खाली घातली आणि गोट्यांकडे बघत राहिला.

“किती विनम्र पक्षी,” उंट म्हणाला आणि कुरण घेतलं.

उंटाच्या देखतच कोल्ह्याने दलालीचं एक उचललं. कडकन चावलं. मग गिऱ्हाईकाकडे बघून हसला आणि जिभेने दात चाचपत निघून गेला.

वर कातळावर टिटवीने अंडी मोजली. चार होती.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं, म्हणजे कुणी विश्वास ठेवत नाही. जगाला हमी हवी असेल तर गोटे मांडून गप्प बसावं. अंडी मात्र उंचावरच घालावीत.