कंबरराव डुलडुले यांचा गुडघा

"दाजी, मला तुमचं ते चालणं शिकवाल का?" मेहुण्याने जेवता जेवता विचारलं आणि मीटरवाल्यांचा घास हातातच राहिला. वीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. उलट 'तुम्ही पूर्वी चालायचात म्हणे' असं लोक ज्या चेहऱ्याने म्हणत, त्यावरून वाटावं की ते पूर्वी पीत होते.

मीटरवाले पाणीखात्यात होते. घरोघर जाऊन मीटर वाचायचे, दिवसाला दीडशे दारं. तरुणपणी मात्र ते चालण्याच्या शर्यतीत उतरत. ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, यात पळायचं नसतं, चालायचं असतं, पण पळणाऱ्याला लाज वाटेल इतकं भरभर. अटी दोनच. एक पाय कायम जमिनीला लागलेला हवा, आणि पुढे टाकलेल्या पायाचा गुडघा टाच टेकल्यापासून पाय अंगाखाली येईपर्यंत सरळ हवा. या अटी पाळायला गेलं की कंबर डावी-उजवीकडे हलते, आणि कंबर हलली की माणसं हसतात. चालणारा वीस किलोमीटर रक्ताचं पाणी करतो आणि बघणारे दहाव्या पावलाला पोट धरून खाली बसतात. या खेळाचं हे असं आहे.

मेहुणा त्याच खात्यात बिलांचा कारकून होता. पण त्याचं नाव होतं ते वार्षिक स्नेहसंमेलनातल्या प्रहसनांमुळे. खेळाडूंची टर उडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दरवर्षी तो नवे खेळाडू आणायचा आणि नुसत्या नावांनी निम्मं सभागृह आडवं व्हायचं. जलतरणपटू तळगाठे, गोळाफेकपटू पायावरपाडे, शंभर मीटर धावणारे श्रीयुत मध्येच थांबेकर. मीटरवाले दरवर्षी पुढच्या रांगेत बसून हसत. पायावरपाड्यांच्या वेळी तर त्यांना ठसका लागून पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा शंका यायला हवी होती. पण ज्याला वीस वर्षं कुणी काही विचारलेलं नसतं, त्याची शंका घेण्याची ताकद गेलेली असते.

"यंदा पाच मिनिटं तुमच्या खेळाला द्यायची आहेत," मेहुणा म्हणाला. "लोकांना हा खेळच माहीत नाही, दाजी."

हे शब्दशः खरं होतं. मेहुणा खोटं बोलत नसे, त्याला तशी गरजच पडत नसे.

मग तीन आठवडे रोज संध्याकाळी गच्चीवर शिकवणी चालली. शिट्टी मीटरवाल्यांच्या लेकीच्या हातात असे. ही तेरा वर्षांची ठकू म्हणजे त्यांच्या आयुष्यात मागे राहिलेलं सगळं पुढे नेणारी एकटी. पहाटे साडेपाचला बापलेक जलाशयाच्या भिंतीवरून चालत. यंदा आंतरशालेय स्पर्धेत मुलींसाठी चालण्याची शर्यत पहिल्यांदाच ठेवली होती, आणि ती स्नेहसंमेलनानंतरच्या दुसऱ्या रविवारी होती. मीटरवाल्यांनी घरच्या कॅलेंडरवर तो रविवार तीनदा गोल करून ठेवला होता. बायको म्हणायची, "अहो, कागद फाटेल."

"मामा, गुडघा," ठकू शिट्टी मारून सांगायची.

"अगं, किती सरळ ठेवू? मोडेल."

"मोडला तर चालेल, वाकला तर नाही," मीटरवाले म्हणायचे. हे वाक्य त्यांच्या गुरूंचं होतं.

एका संध्याकाळी भारावून त्यांनी मेहुण्याला जी गोष्ट सांगितली, ती त्यांनी बायकोलाही धड सांगितली नव्हती. देशपातळीची स्पर्धा. एकोणीस किलोमीटर झाले होते, एक उरला होता, आणि ते तिसरे होते. तेवढ्यात तिसरं लाल कार्ड आलं. गुडघा वाकला म्हणे. तीन कार्डं झाली की शर्यतीतून बाद.

"वाकला होता?"

"नव्हता." मीटरवाले म्हणाले. "रस्ता सोडायचा असतो, मी सोडला. पण कंबर थांबेना. बसस्टॉपपर्यंत तसाच चालत गेलो. बसमध्ये चढलो तरी तसाच."

"बसमध्ये पण?"

"कंडक्टर म्हणाला, आधी नीट उभे राहा."

मेहुण्याने खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. मीटरवाल्यांना वाटलं, चला, उशिरा का होईना, इतिहासात नोंद होते आहे. त्याच भरात त्यांनी कपाटातला सतरा नंबरचा बनियन आणि शर्यतीची अर्धी चड्डीही त्याच्या हवाली केली.

स्नेहसंमेलनाला त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बायको, ठकू आणि ठकूच्या शाळेतल्या खेळाच्या बाई, सगळ्यांना पुढच्या रांगेत बसवलं. आपल्या भागातले चार मीटरवाचकही आग्रह करून आणले. दिवे मालवले आणि निवेदकाने गळा साफ केला.

"आता येत आहेत, ज्यांचं वरचं अंग खालच्या अंगाशी गेली वीस वर्षं बोलत नाही, असे चालपटू, श्रीयुत कंबरराव डुलडुले."

सतरा नंबरचा बनियन घालून मेहुणा आला. पहिल्या तीन पावलांतच सभागृह कोसळलं. त्याने बसस्टॉप आणला, बस आणली, कंडक्टर आणला. "आधी नीट उभे राहा," कंडक्टर म्हणाला, तेव्हा मुख्य अभियंत्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. बायको पदराच्या टोकाकडे बघत बसली. ठकू समोर बघत होती, पण बघत नव्हती. मीटरवाल्यांनी चेहऱ्यावर एक हसू चढवून ठेवलं होतं आणि ते उतरवता येईना. कुणाला कळायचं कारण नव्हतं. सभागृहात साडेतीनशे माणसं होती आणि डुलडुले कोण हे घरची तिघं सोडून एकालाही ठाऊक नव्हतं. पाच मिनिटं गप्प बसायचं आणि घरी जायचं, एवढंच काम होतं.

तेवढ्यात मेहुण्याचा गुडघा वाकला.

तीन आठवडे शिकवूनही वाकला. मीटरवाले खुर्चीतून उठले कधी, हे त्यांनाही कळलं नाही.

"गुडघा," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "गुडघा सरळ."

मग मेहुण्याने, रंगभूमीचा कसलेला माणूस तो, दोन्ही हात जोडले. "गुरुजी, आपण? काय चुकलं माझं?"

इथे तरी खाली बसायचं होतं. पण प्रश्न शास्त्राचा होता. "टाच टेकल्यापासून गुडघा सरळ पाहिजे," मीटरवाले म्हणाले. "पाय अंगाखाली येईपर्यंत." आणि शब्दांनी समजेना असं वाटून ते दोन रांगांमधल्या वाटेत आले आणि आठ पावलं चालून दाखवली. अगदी बिनचूक चालले. इस्त्रीच्या शर्टात, खिशात पेन लावून. लोक खुर्च्यांवर चढून बघायला लागले. चार मीटरवाचकांपैकी एक म्हणाला, "अरे, खरे डुलडुले हेच आहेत."

प्रहसनाला पहिलं बक्षीस मिळालं आणि 'प्रेक्षकांतून उत्स्फूर्त अभिनय' म्हणून मीटरवाल्यांना खास करंडक. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला करंडक. त्याच्यावर एक पळणारा माणूस होता.

पुढचं सगळं मोबाईलने केलं. सोमवारी तिसऱ्याच दाराशी एक आजी आत वळून म्हणाली, "अगं, डुलडुले आलेत, मीटर बघायला." मंगळवारी कुणीतरी जिन्यात चालून दाखवा म्हणालं. बुधवारी साहेबांनी बोलावून सांगितलं, "तक्रार नाही हो, पण लोक मीटर दाखवायच्या आधी चालायला सांगतात, त्यात वेळ जातो." आणि गुरुवारी पहाटे साडेपाचला ठकू उठली नाही.

"पोट दुखतंय," ती पांघरुणातून म्हणाली.

शुक्रवारीही दुखलं. शनिवारी ती उठून बसली आणि म्हणाली, "बाबा, मला नाही चालायचं. शाळेत सगळे डुलडुली म्हणतात."

"मामाने असं करायला नको होतं," मीटरवाले म्हणाले.

"मामा नाटक करत होता. कुणालाच कळलं नसतं." तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "तुम्ही उभे का राहिलात?"

यावर उत्तर होतं, पण ते तेरा वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं नव्हतं आणि पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला शोभण्यासारखंही नव्हतं. मेहुण्याचा गुडघा वाकला होता, एवढंच ते उत्तर.

संध्याकाळी मेहुणा पेढे वाटायच्या उत्साहात आला. मीटरवाल्यांनी त्याला दारातच धरलं. "माझी गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस तू."

मेहुणा मनापासून दुखावला. "दाजी, म्हणून तर नाव बदललं होतं. डुलडुले नावाचा माणूस आहे का कुठे जगात? तुम्ही उठून सांगितलंत, मीच तो म्हणून. मी काय करणार?"

"खरंय त्याचं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि मग हलक्या आवाजात, "पण तू आज जेवायला थांबू नकोस."

त्या गोल केलेल्या रविवारी मीटरवाले एकटेच मैदानावर गेले. पाच मुली चालल्या. पाचही जणींचे गुडघे वाकत होते, दोघी तर सरळ पळत होत्या. पंच म्हणून चित्रकलेचे मास्तर उभे होते आणि कार्डं त्यांच्या खिशातच राहिली. पहिल्या आलेल्या मुलीसाठी मीटरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना कुणीतरी ओळखलं, तेव्हा ते निघाले.

दोन महिन्यांनी शाळेचं संमेलन आलं. ठकूच्या वर्गाने डुलडुल्यांचं प्रहसन बसवलं होतं आणि डुलडुल्यांचं काम ठकूकडे होतं. 'तुझ्या घरचंच आहे' म्हणून वर्गाने ते तिच्या गळ्यात घातलं होतं, आणि तीही म्हणाली होती, द्या. एकदा करून टाकलं की चिडवण्यात काही उरत नाही, हे तिला या वयात कळलं होतं. बापाला कळलं नव्हतं. आईने सतरा नंबरचा बनियन कमरेत आवळून दिला.

मीटरवाले शेवटच्या रांगेत बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते आणि वरून बायकोने त्यांचं मनगट धरलं होतं.

"कुमारी कंबरताई डुलडुले," निवेदिका म्हणाली, आणि ठकू आली.

मीटरवाले आधी टाच बघत होते. मग गुडघा. मग मागचा पाय उचलण्याआधी पुढचा टेकतोय का ते. एक फेरी झाली, दुसरी झाली. जितकी ती नीट चालत होती, तितकी माणसं जास्त हसत होती. पुढच्या रांगेतला कुणीतरी खुर्चीसकट मागे कलंडला. मीटरवाल्यांना कुठे चूक सापडेना. आपण जे वीस वर्षं मनात चालत होतो, ते हेच, असं त्यांना वाटलं.

ठरल्याप्रमाणे प्रेक्षकांतून एक मैत्रीण उठली. "गुडघा," ती ओरडली. "गुडघा सरळ."

इथे ठकूचा गुडघा वाकायचा होता, त्यावर पुढची सगळी गंमत होती. तो वाकला नाही. मैत्रीण पुन्हा ओरडली. ठकू तशीच चालत राहिली, सरळ गुडघ्याने, पडदा पडेपर्यंत. हसू हळूहळू विरलं आणि कुणीतरी खोकलं.

बक्षीस दुसरं मिळालं. नाटकाच्या बाई बाहेर भेटल्या. "पहिलं होतं हो हातात. पण ऐनवेळी गुडघा वाकवायला विसरली. परीक्षकांनी तेवढ्यासाठी गुण कापले."

बायको पिशवी घेऊन पुढे चालू लागली. मीटरवाले आणि ठकू मागे राहिले.

"विसरलीस?" कोपऱ्यावर त्यांनी विचारलं.

"नाही. वाकवायला गेले, बाबा. वाकलाच नाही."

"माझाही नव्हता वाकला."

"माहितीये."

मीटरवाल्यांनी हळूच विचारलं, "मग उद्या सकाळी? साडेपाचला?"

"नको, बाबा," ठकू म्हणाली आणि तिने त्यांचा हात धरला. दोघं घरापर्यंत चारचौघांसारखी चालत गेली, गुडघे वाकवून.