उजवा गाल फोटोग्राफरचा

चिमणीचा डावा गाल सुजला तो नेमका फोटो काढायच्या दिवशी. आदल्या रात्रीपासून कानाखाली ठणकत होतं. सकाळी आरशात पाहिलं तर एका बाजूनं ती नेहमीचीच चिमणी, आणि दुसऱ्या बाजूनं कुणीतरी खात्यापित्या घरची बाई.

"अक्कलदाढ येतेय," आई म्हणाली.

"यायलाच हवी," आत्या म्हणाली. "डॉक्टरकीचा अर्ज भरतेय पोर. शरीराला कळतं हो वहिनी, कुठली वेळ कशाची ते."

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांना 'थांबा' म्हणायची आणि हव्या त्या माणसाशी जोडून द्यायची तिला सवय, त्यामुळे घरीही कुणाचं बोलणं ती पुरतं होऊ देत नसे. चिमणीच्या वडिलांची नोकरी फिरतीची. म्हणून घरातले निर्णय आत्या घ्यायची आणि आई ते मोडून काढायची. त्यातून जे उरेल ते चिमणीच्या वाट्याला.

तिला चिमणी म्हणत ते उगाच नव्हे. काडीसारखी मनगटं, आत गेलेले गाल, आणि चालणं असं की पायरीवर वाजायचंसुद्धा नाही. पण लहानपणापासून डोक्यात एकच खूळ. घरी पाहुणा आला की ही त्याचं मनगट धरून नाडी मोजायला बसायची आणि मग जीभ दाखवा म्हणायची. काही पाहुणे त्यामुळेच यायचे बंद झाले, असं आईचं मत होतं. यंदा शाळा संपली, गुणही चांगले पडले. वडील मात्र निघताना बजावून गेले होते, "यंदा प्रवेश मिळाला तर मिळाला. वर्ष फुकट घालवायचं नाही. नाहीतर सरळ साध्या पदवीला नाव घाल." त्यामुळे हा एक अर्ज म्हणजे चिमणीचं सगळं काही होतं.

"गाल उतरेपर्यंत थांबूया का फोटोसाठी?" चिमणीनं विचारलं.

"मी अर्धी रजा टाकलीय," आत्या म्हणाली. विषय संपला.

त्या काळी फोटो काढणं हे काही येताजाता उरकायचं काम नव्हतं. गावात स्टुडिओ एक, त्याला फोटोग्राफरही एक, आणि त्याचा कॅमेरा तिपाईवरचा, काळ्या कापडाचा बुरखा घेतलेला. फोटोग्राफरनं चिमणीला गडद पडद्यासमोर स्टुलावर बसवलं, तिची हनुवटी दोन बोटांत धरली, आणि तोंडाला तोंड लावावं इतक्या जवळून तिच्याकडे बघत राहिला.

"मान इकडे. इतकी नको. आता थोडी खाली. दाढ का?"

"अक्कलदाढ," आत्या अभिमानानं म्हणाली.

"असू दे, असू दे. माझ्याकडे टचिंग आहे. काळजी करू नका."

टचिंग म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं केलेली डागडुजी. देवीचे व्रण, तिरपे दात, विरळ भुवया, सगळं तो सफाईनं नीट करायचा. गावातल्या निम्म्या लोकांना आपण खरे कसे दिसतो ते त्याच्यामुळेच कधी कळलं नव्हतं.

चार दिवसांनी पाकीट हातात आलं. चिमणीनं उघडलं आणि पुन्हा पाकिटावरचं नाव वाचलं. फोटोतली मुलगी गुबगुबीत होती. एक गाल नव्हे, दोन्ही. मधोमध बिचारं नाक दोन उशांत झोपल्यासारखं.

"हे कोण?" चिमणी म्हणाली.

फोटोग्राफरनं चष्मा कपाळावर सरकवला. "काय सुरेख जमलंय की नाही? निगेटिव्ह पाहिली तर एक गाल भरलेला आणि एक बसलेला. म्हटलं, पोरीचा उजवा गाल बसलाय बिचारीचा. रात्र जागून भरून काढला."

"अहो, बसलेला माझा होता! भरलेला सुजलाय!"

"असं होय?" तो क्षणभर गोंधळला, पण कारागिराचा जीव. "तरी पण समतोल बघा."

घरी आईनं फोटो हातात घेतला आणि तिचे डोळे भरून आले. "वन्सं, बघा तरी! जन्मात पहिल्यांदा हिच्या अंगावर मांस दिसलं." तिनं सहांतला एक फोटो तिथल्या तिथे काढून घेतला आणि कपाटाच्या दाराला आतून लावला.

अर्जावरच्या फोटोवर शाळेच्या मोठ्या बाईंची सही लागायची, अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर. चिमणीचा गाल तेव्हा अजून उतरला नव्हता. मोठ्या बाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्या सुजलेल्या बाजूकडे, म्हणाल्या, "तब्येत सुधारली की गं तुझी!" आणि सही ठोकली.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पुढे गालच उतरला.

नुसता उतरला असता तरी चाललं असतं. त्या दुखण्यात धड खाता न आल्यानं चिमणी होती त्याहून बारीक झाली. अर्ज तयार होऊन कपाटात पडला होता, शेजारी दारावर तो फोटो. रोज ती कपाट उघडायची, फोटो बघायची आणि बंद करायची. आज नको, उद्या देऊ, असं करता करता शेवटची तारीख दारात येऊन उभी राहिली.

"उद्या शेवटचा दिवस," आत्या म्हणाली, "आणि अर्ज अजून घरात? काय उबवतेयस का त्याला?"

"आत्या, तूच सांग, ही मी दिसते का?"

आत्यानं फोटो बघितला, भाचीला बघितलं. मग म्हणाली, "चल. दुसरा काढू. टचिंग नको म्हटलं की तासाभरात धुऊन देईल. मोठ्या बाई मागच्या गल्लीतच राहतात, संध्याकाळी त्यांची सही पुन्हा घेऊ."

स्टुडिओला कुलूप होतं. आत्यानं खालून हाका मारमारून वरची खिडकी उघडायला लावली. खिडकीत फोटोग्राफर आला, डोक्यावरून हनुवटीखाली मफलर गुंडाळलेला.

"फोटो काढायचाय!" आत्या ओरडली. "आत्ताच्या आत्ता!"

"कसला फोटो?" वरून दबका आवाज आला. "मला स्वतःला आरशात ओळखता येत नाहीये!"

"अहो, नुसतं बटण तर दाबायचं!"

"बाई, डोकं कापडाखाली मावत नाही!"

त्यानं बोलण्यासाठी मफलर सैल केला आणि चिमणी बघतच राहिली. दोन्ही गाल कानापर्यंत फुगलेले. आणि कानांच्या पाळ्या वर उचलून बाहेर फाकलेल्या, कढईच्या कानांसारख्या. तिनं पिशवीतून आपला फोटो काढला. डाव्या कानाची पाळी तश्शीच फाकलेली. उजवीकडे गाल तेवढाच मोठा, पण कानाची पाळी सरळ, आपल्या जागी निवांत.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "ती अक्कलदाढ नव्हती."

"मग?"

"गालगुंड. शेजारच्या बाळाला झालं होतं ना? मी त्याला दिवसभर कडेवर घेऊन फिरत होते. त्याच्याकडून मला, आणि माझ्याकडून..." तिनं वर खिडकीकडे पाहिलं. "ह्यांनी हनुवटी धरली होती माझी."

आत्यानं खिडकीकडे बघून घाईघाईनं नमस्कार केला आणि चिमणीला ओढत गल्लीबाहेर आणलं. "वर एक शब्द बोलू नकोस. औषधाचे पैसे मागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं नवा निर्णय घेतला. "फोटो तोंडासारखा होत नाही ना? मग तोंड फोटोसारखं करू." तिनं पर्समधून कापसाचा गुंडाळा काढला.

"आत्या, हे खोटं आहे."

"खोटं कसलं? गाल होते ना तुझे असे? निदान एक तरी? आ कर."

ती नको नको म्हणत असतानाच बोळे आत गेले. शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या कचेरीत खिडकीपुढे ही लांब रांग. कापूस ओला झाला की चेपायचा, म्हणून रांग चार पावलं सरकली की आत्या इकडेतिकडे बघून आणखी एक बोळा सरकवायची. घाईत डावीकडे किती गेले आणि उजवीकडे किती, याचा हिशेब राहिला नाही. खिडकीशी पोचेपर्यंत चिमणीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि उजवा गाल फोटोच्याही पुढे गेला होता.

"नाव?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"म्म्मू..."

"काय?"

"घशाला सूज आहे तिच्या," आत्या म्हणाली.

"त्यांनाच बोलू द्या. पूर्ण नाव?"

चिमणीनं पूर्ण नाव सांगायला तोंड उघडलं. वडिलांच्या नावापर्यंत कसंबसं निभावलं. आडनावाला डाव्या गालातला ओला गोळा टपकन अर्जाशेजारी पडला.

कारकुनानं टाचणीनं तो बाजूला केला. मग चष्मा पुसला, फोटो डकवलेला अर्ज उचलला, चिमणीच्या तोंडाशेजारी धरला. आता तिचा डावा गाल चिमणीचा होता आणि उजवा फोटोतला.

"हा फोटो कुणाचा?"

चिमणीनं उरलेला कापूस रुमालात काढला. "माझा."

"मग तुम्ही कोण?"

"मीच."

"मोठी बहीण का फोटोतली?"

"मला बहीण नाही."

"अहो, हीच ती!" आत्या पुढे झाली. "मी आत्या आहे."

"कुणाची? हिची की फोटोतलीची?"

रांगेतून हशा आला. कारकून उठून उभा राहिला. "एकीनं अर्ज करायचा, दुसरीनं शिकायचं, हे धंदे इथे चालायचे नाहीत. वर तोंडात कापूस! मी हा अर्ज घेत नाही. वर कळवतो."

चिमणीला कळून चुकलं. अर्ज गेला, वर्ष गेलं, आणि जाताना नावाला तोतयेगिरीचा डाग लावून गेलं.

आवाज ऐकून आतल्या खोलीतून एक डॉक्टरबाई बाहेर आल्या. केस पिकलेले, हातात अर्धा प्यायलेला चहा. प्रवेशाचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी फोटो पाहिला, मग चिमणीला, मग रुमालातला कापूस.

"कापूस कुणाची कल्पना?"

"माझी," आत्या म्हणाली. आवाज एक्स्चेंजमधला नव्हता.

"पण मी तोंड उघडलं होतं," चिमणी म्हणाली. "बाई, चूक झाली. पण फोटो माझाच आहे. म्हणजे... डावी बाजू माझी आहे."

"आणि उजवी?"

"उजवा गाल फोटोग्राफरचा."

डॉक्टरबाईंनी कप खिडकीत ठेवला. "असं? हे मला कसं कळावं?"

"कान बघा ना. डाव्या कानाची पाळी सुजेनं वर उचललीय, बाहेर फाकलीय. गाल खरंच सुजला की तसंच होतं, मी काल दुसऱ्या एकांना पाहिलं. उजवीकडे गाल तेवढाच मोठा, पण पाळी जागची हललेली नाही. त्यांनी गाल रंगवला, कान उचलायला विसरले. आम्ही अक्कलदाढ समजत होतो. मला गालगुंड झालं होतं."

डॉक्टरबाईंनी अर्ज उजेडाकडे नेला आणि फोटो बराच वेळ पाहिला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी आत्याला वाटलं, ठसका लागला.

"हे आम्हाला इथे दुसऱ्या वर्षाच्या पोरांना ओरडून शिकवावं लागतं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "कुणाकडून घेतलंस?"

"शेजारच्या बाळाकडून."

"आणि दिलंस कुणाला?"

चिमणीनं मान खाली घातली. "फोटोग्राफरना. त्यांनी मला एक खोटा गाल दिला, आणि मी त्यांना दोन खरे दिले."

"घ्या हिचा अर्ज," डॉक्टरबाई कारकुनाला म्हणाल्या. "फोटोखाली मी लिहून देते. आणि आत्याबाई, तो कापूस घरी न्या. आमच्याकडे पुष्कळ आहे."

गालगुंडाचं नाव ऐकताच कारकुनानं अर्ज हातातून टाकला होता. आता तो बोटं रुमालाला पुसत होता. "बाई," त्यानं हळूच विचारलं, "हे फोटोतून लागत नाही ना?"

"काम लवकर उरकलं तर नाही लागत," डॉक्टरबाई गंभीरपणे म्हणाल्या.

इतक्या चटकन शिक्का मारून पोच दिल्याचं त्या कचेरीत कुणी पाहिलं नसेल. बाहेर पायरीवर येऊन दोघी मटकन खाली बसल्या. आत्यानं पोच दोनदा वाचली, घडी घातली, पुन्हा उघडून वाचली. "वहिनीला कापसाचं सांगू नकोस," ती म्हणाली. मग दोघींना जे हसू फुटलं ते येणारेजाणारे थांबून बघू लागले.

घरी जाताना चिमणी मुद्दाम स्टुडिओवरून गेली. खिडकीखाली उभं राहून तिनं फोटोग्राफरला सांगितलं, पडून राहा, मऊ खा, आंबट नको, कुणाच्या जवळ जाऊ नका. आणि लागण कुणाची तेही सांगून टाकलं. तो मफलरच्या आतून ऐकत होता.

"ते जाऊ दे. फोटो पास झाला का?"

"झाला."

"बघा!" तो म्हणाला. "अख्ख्या गावात टचिंगला माझ्यासारखा हात नाही!"

चिमणीचं नाव यादीत आलं. पण कचेरीचा नियम असा की अर्जावर जो फोटो, तोच ओळखपत्रावर. महाविद्यालयाच्या फाटकावरच्या रखवालदारानं पहिल्याच दिवशी ओळखपत्र पाहिलं, तिला पाहिलं आणि काठी आडवी धरली. चिमणीनं दोन्ही गाल भरून वारा घेतला. काठी वर गेली. मग ते रोजचंच झालं. पावसात भिजताना, परीक्षेला उशीर झाला असताना, एकदा तर रडत येतानाही ती फाटकाशी थांबून गाल फुगवायची आणि मगच आत जायची.

शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी ती फाटकाशी आली, सवयीनं थांबली आणि गाल फुगवले. रखवालदार स्टुलावरून उठला. त्यानं काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"सोडा तो वारा आता," तो म्हणाला. "जा आत, डॉक्टर."